कुंपणाला कावीळ

गडहिंग्लजात माणूस आजारी पडला तर बघायला येणारे निदान चार मोसंबी तरी घेऊन येतात. झाड आजारी पडलं तर मोसंबी घरी राहते आणि नुसतं निदान येतं. तेही रस्त्यावरून, मोटरसायकलवर बसल्या बसल्या, एक पाय जमिनीला टेकवून. परसातला आंबा वाळला तर ते घरच्यांचं दुःख असतं. रस्त्याकडेचं कुंपण पिवळं पडलं की ते गावाचं काम होतं, कारण ते येताजाता दिसतं आणि त्यावर बोलायला कुणाच्या दाराची कडी वाजवावी लागत नाही.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. कडगाव रोडच्या आतल्या अंगाला त्यांचं घर, घराला गुडघाभर दगडी कठडा आणि कठड्याच्या आतून साठ फूट जास्वंदीचं कुंपण. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी कालव्याला पाणी सोडण्यात गेल्यामुळे, जगातल्या बहुतेक अडचणी पाणी कमी पडल्यानं येतात अशी त्यांची श्रद्धा आहे. काकूंची श्रद्धा कपडे धुण्याच्या मशीनवर. त्या मशीनचं पाणी वाया जाऊ नये म्हणून अण्णांनी एक पाइप कुंपणाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात सोडलाय. धुणं रोज, त्यामुळे त्या कोपऱ्याला मे महिन्यातही आषाढ असतो.

यंदा श्रावणात हे कुंपण पिवळं पडायला लागलं.

गल्लीला त्याचं वाईट वाटलं, पण ती निव्वळ भूतदया नव्हती. पहाटे साडेपाच ते सहा या वेळात गल्लीतल्या निम्म्या देव्हाऱ्यांना याच कुंपणातून फुलं जातात. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडात स्तोत्र आणि अण्णांच्या खिडकीकडे पाठ. गणपती तोंडावर आलेले आणि लाल जास्वंदीची आवक निम्म्यावर. तेव्हा पहिली चौकशी या मंडळींनीच केली. "अण्णा, पानं पिवळी पडाल्यात न्हवं? जरा लक्ष द्या की." एका बाईंनी तर "पूर्वी त्या टोकाला केवढी मोठी फुलं यायची!" असं सांगून आपला जुना अनुभव स्वतःहून उघड केला. अण्णा फक्त "हं" म्हणाले. पाटबंधाऱ्यात पाणीचोरी बघून बघून त्यांना हे "हं" चांगलं जमतं.

मग तज्ज्ञ यायला लागले.

पहिले आले भडगावकडचे मामा. नात्यानं काकूंचे मामा, वयानं सगळ्यांचे. त्यांचा चार एकर ऊस. त्यांनी कठड्यापलीकडूनच मान तिरकी केली, शेंड्यावर कापसासारखं काहीतरी पांढरं बघितलं आणि सांगून टाकलं, "लोकरी मावा हाय ह्यो." मामांची चूक नाही. 2002 च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रावर आणि पलीकडं कर्नाटकावर पसरला. पानाखाली पांढरी लोकर, पानावर काळा थर आणि फडात शिरलं की अंगभर चिकट. लोकांनी फवारलं, पानं काढून जाळली, देव पाण्यात ठेवले. शेवटी त्या माव्यालाच खाणाऱ्या डिफा नावाच्या अळीनं आणि तिच्या जोडीच्या इतर मित्रकिडींनी त्याला आवरलं. ज्यांनी तो मावा बघितला त्यांना अजून कापसाच्या वातीतही तो दिसतो. जास्वंदीवर उसाचा मावा जात नाही, हे मामांना सांगून बघितलं. "उसावरबी पयला येत न्हवता," ते म्हणाले. यावर काय बोलणार?

दुसरे निवृत्त सुभेदार. आमच्या तालुक्यात फौजेतून परत आलेला माणूस गल्लीत एक तरी असतोच आणि त्याला वाकडी रेघ सहन होत नाही. पिवळेपणाशी सुभेदारांचं देणंघेणं नव्हतं, कुंपणाची उंची ओळीत नव्हती. "कटिंग करा. सगळं ठीक होतंय," म्हणाले आणि स्वतःच कात्री घेऊन आले. कुंपण कातरून असं सपाट केलं की वर चहाचे कप ठेवता यावेत. पंधरवड्यानं सगळीकडून नवी पालवी फुटली आणि ती आधीच्यापेक्षा जास्त पिवळी निघाली. सुभेदार म्हणाले, "पिवळं आहे, पण लेव्हलमध्ये आहे."

तिसरे गुरुजी. विज्ञान शिकवत होते. त्यांनी एक पान तोडून उन्हात धरलं आणि फाटकाबाहेर वर्ग भरवला. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, तो नाही म्हणून पान पिवळं, सबब इप्सम मीठ घाला. हे पाठ्यपुस्तकात बरोबर आहे. मात्र गुरुजींनी पान कुठल्या फांदीचं, शेंड्याचं की बुडाचं, हे बघितलंच नव्हतं. हाताला जे लागलं ते तोडलं होतं. परीक्षेत प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना याच गुरुजींनी बाकावर उभं केलेलं मी बघितलंय.

तासगावचे जावईबापू आले तेव्हा जरा आशा वाटली. द्राक्षवाले. त्यांच्या खिशात भिंग होतं. द्राक्षवाला माणूस पाकीट विसरेल, भिंग विसरणार नाही. आणि त्यांनी पान उलटं करून बघितलं! इतक्या माणसांत पानाची पाठ बघणारे ते पहिलेच. बघून म्हणाले, "डाऊनी असणार." म्हणजे केवडा. "पण डाग नाहीत, बुरशी नाही," मी म्हटलं. "येईल," ते म्हणाले. द्राक्षाच्या बागेत राहून माणसाचा भविष्यकाळावर असा विश्वास बसतो.

याच डाऊनीची एक गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात रस्त्याकडेची झाडं आहेत आणि चोरही आहेत. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षबागा या रोगानं बसल्या होत्या. 1882 साली मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एका बागेच्या कडेनं चालले होते. त्यांना दिसलं की रस्त्यालगतच्या वेलींची पानं धड आहेत आणि आतल्या वेलींची गळून गेलीत. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मालक कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतो. निळंभोर, विषारी दिसलं की कुणी हात लावत नाही. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले, 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले आणि चोरांसाठी केलेलं औषध बुरशीला लागू पडलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा रोगाच्या भागात ते पेंगत होते. चोरांच्या भागात सावरून बसले. "जास्वंदीवर निळं मारलं तर काय हुईल?" त्यांनी विचारलं. काकू आतून ओरडल्या, "ती फुलं मीबी देवाला वाहती!"

आजऱ्याकडच्या काजूवाल्यानं ढेकण्या सांगितला. दिवाळीनंतर मिरचीच्या सौद्याला आलेल्या पाहुण्यानं चुरडा-मुरडा सांगितला. चुरडा-मुरड्यात पान चुरगळून वाटीसारखं होतं. त्याच्या हातातलं पान पापडासारखं सपाट होतं. त्यानं ते मुठीत चुरगळून आम्हाला दाखवलं, "हे असं व्हतंय बघा."

काकूंच्या जाऊबाईंनी मात्र शेतीचा संबंधच ठेवला नाही. दृष्ट लागलीय, असं म्हणून त्यांनी फाटकाजवळच्या जास्वंदीला लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या बांधल्या. जमलेल्यांत गुरुजी हसले. मी हसलो नाही. का ते पुढं कळेल; पण आलेल्या सगळ्या उपायांत हा एकटाच योग्य दिशेनं होता. फक्त दृष्ट ट्रॉलीभर लिंबांनी काढायला हवी होती.

पुण्याहून नातू आला. त्यानं मोबाइलनं फोटो काढला आणि मोबाइलनं क्षणात सांगितलं की तुमच्या कुंपणाला हिमबाधा झाली असण्याची शक्यता आहे, थंडीत त्यावर कापड घाला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. अण्णांनी टक्कल पुसत विचारलं, "कुठली थंडी म्हणतोय त्यो?" नातू म्हणाला, "आजोबा, ते जगातल्या सगळ्या झाडांवर शिकलंय." म्हणजे इथंही तेच. मामा उसावर शिकले, हे यंत्र विलायती बागांवर शिकलं, आणि ज्यानं जे पीक घेतलं त्याला तेच उगवलेलं दिसतं. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आमच्याकडं कावीळ कुंपणाला झाली होती आणि बघणाऱ्यांना तिच्यात आपापले सातबारे दिसत होते.

तशी चूक पानाचीही आहे म्हणा. पानाकडं तक्रार करायला रंग एकच. भूक लागली, पिवळं. तहान लागली, पिवळं. पाणी जास्त झालं, पिवळं. किडीनं रस शोषला, पिवळं. आणि काही तक्रार नाही, नुसतं वय झालं, तरी पिवळंच. जास्वंदीची बुडातली दोन-चार पानं अशी रोज पिकून गळतात; त्यांना बघायला कुणी येऊ नये, त्यांचं सगळं यथासांग झालेलं असतं. पण या एका रंगातही थोडा हिशेब असतो. तो वाचायला पहिला प्रश्न एकच विचारायचा: पिवळं पान जुनं की नवं?

नत्र कमी पडलं की झाड बुडातल्या जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे नातवाच्या क्लासला जावेत तसं. म्हणून नत्राच्या टंचाईत खालची पानं आधी पिवळी पडतात. पालाश आणि मॅग्नेशियमही असेच हिंडतेफिरते; पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा करपतात, मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या शिरांमधला भाग उतरतो. लोहाचं तसं नाही. लोह एकदा ज्या पानात जाऊन बसलं तिथून हलत नाही. त्यामुळे ते कमी पडलं की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवी पालवी पिवळी येते. आणि पिवळी कशी, तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. पानावर कुणी हिरव्या शाईनं बारीक जाळं काढल्यासारखी. फार झालं तर पान पांढरंफटक निघतं. उसावर हेच झालं की आमच्याकडं उसाला केवडा पडला म्हणतात, आणि द्राक्षवाल्यांचा केवडा अगदी निराळा, त्यामुळे मामा आणि जावईबापू एकमेकांना माना डोलावत अर्धा तास दोन वेगळ्या रोगांवर बोलले आणि दोघांचं एकमत झालं.

आता अण्णांचं कुंपण. वाकून बघितलं तर ते एक कुंपण नव्हतं, तीन होती.

कठड्याला चिकटून असलेला दक्षिणेकडचा मोठा तुकडा: नवी पालवी पिवळी, शिरा हिरव्या. सुभेदारांनी कातरल्यावर सगळीच पालवी नवी झाली, म्हणून पिवळेपणा वाढल्यासारखा दिसला. कात्रीनं रोग वाढवला नव्हता, नुसता लपलेला वर काढला होता.

मशीनच्या पाइपाचा उत्तरेकडचा कोपरा: जुनी-नवी सगळीच पानं मलूल, पिवळट, लोंबती. पाय ठेवला तर चपलेसकट खाली जात होता. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि त्या कोपऱ्यात हवेला जागाच उरली नव्हती. वरून साबण. अण्णांना हे पटवणं म्हणजे पुजाऱ्याला देऊळ बंद करायला सांगणं. ते म्हणाले, "मलूल पडल्यात म्हंजे पाणी कमी पडालंय." आणि पाइप जरा आणखी आत सरकवला.

मधला तुकडा, जिथं मामांना लोकर दिसली होती: तो पिठ्या ढेकूण. शेंड्याला कापसाचे पुंजके, पानं मुरगळलेली, कळ्या उमलायच्या आधी गळालेल्या. या तुकड्यासमोर मी बराच वेळ उकिडवा बसलो, कारण तिथं बघण्यासारखं होतं. काळ्या मुंग्यांची एक रांग कठड्याच्या फटीतून निघून खोडावरून वर जात होती. ढेकूण रस शोषतो आणि मागून गोड चिकट थेंब टाकतो. मुंगी त्याच्याजवळ जाऊन मिशांनी त्याला थोपटते, थेंब आला की पिते आणि पुढच्याकडं जाते. सांडलेल्या थेंबांवर काळी बुरशी चढते, म्हणून खालची पानं काजळी धरल्यासारखी. हंगाम सुरू झाला की ही काजळी कारखान्याच्या चिमणीची आहे असं गल्लीत एकमतानं ठरतं. या मुंग्या ढेकणांना खाणारे किडे आले तर हाकलतात, नव्या फांदीवर ढेकणांचं स्थलांतर करतात. एवढी निगा तालुक्यात म्हशींचीही कुणी ठेवत नसेल.

या ढेकणांच्या भावकीतला एक पपईचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला आला आणि पपई, तुती, जास्वंद, जे मिळेल त्यावर बसत दोन वर्षांत महाराष्ट्रात पोचला. औषधांना तो दाद देईना, अंगावर मेणाचा कोट ना! शेवटी 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या, गांधीलमाशीच्या जातकुळीच्या माश्या मागवल्या. त्या ढेकणाच्या पोटात अंडी घालतात. पुढचं सांगायला नको. आमच्या मधल्या तुकड्यासाठी इतक्या लांब जावं लागलं नाही. पिठ्याला नळाचा जोरदार फवारा, थोडं साबणाचं पाणी आणि खोडाशी मुंग्यांची वाट अडवणं एवढंही बरंच पुरतं. अण्णांना पाणी मारायला सांगायची खोटी, त्यांनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून असा फवारा सोडला की ढेकूण समोरच्यांच्या डुरांट्यावर गेले.

समोरच्यांचा डुरांटा ही वेगळीच कथा आहे. नर्सरीवाल्यानं 'गोल्डन' म्हणून दिलेला. त्याची पानं उन्हात सोन्यासारखी पिवळी असतात, त्यासाठीच तर तो लावतात; सावलीत गेला तर हिरवा पडतो. पण अण्णांच्या कुंपणाची बातमी पसरल्यावर समोरच्यांना वाटलं, साथ आपल्याकडंही आली. त्यांनी युरिया घातला, सूक्ष्म अन्नद्रव्यं घातली, वर हिरवी शेडनेट बांधली. शेडनेटखाली डुरांटा खरोखरच हिरवा झाला. आता ते गल्लीत सल्ला देतात.

कृषी सेवा केंद्रात मी अण्णांबरोबर गेलो होतो. तिथला मुलगा हुशार होता, पान बघायच्या आधीच त्यानं पाच बाटल्या काउंटरवर मांडल्या: टॉनिक, ह्युमिक, कीटकनाशक, बुरशीनाशक आणि हे सगळं पानाला चिकटावं म्हणून स्टिकर. "पंपाला तीस मिली," तो म्हणाला. तिथं सगळं मोजमाप पंपात असतं.
"पंप न्हाई माझ्याकडं," अण्णा.
"मग एकराला किती पंप मारतायसा?"
"एकर न्हाई. कुंपण हाय. साठ फूट."
मुलानं क्षणभर विचार केला. "मग तीस मिलीच घाला," म्हणाला.

माती परीक्षणाचीही तीच तऱ्हा. अर्जात पीक विचारलेलं, अण्णांनी लिहिलं 'कुंपण'. क्षेत्र विचारलेलं, साठ फूट लांब आणि दीड फूट रुंद म्हणजे गुंठ्याचा सव्वा आणा. तेवढं लिहायला रकान्यात जागा होती, पण अण्णांच्या मनात लाज होती. त्यांनी एक गुंठा लिहिलं. नमुना घ्यायची रीत म्हणजे व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती तासायची, चार-पाच ठिकाणची मिसळून अर्धा किलो द्यायची. कुंपणाच्या बुडाशी कुदळ मारली तर ठण्ण आवाज आला. दुसरीकडं मारली, तिथंही ठण्ण. तेव्हा अण्णांनी परसात आंब्याखालची भुसभुशीत माती पिशवीत भरून दिली. अहवाल उत्तम आला. त्याची त्यांनी फ्रेम तेवढी केली नाही.

तो ठण्ण आवाज काय होता हे कळायला जेसीबी यावा लागला. कुणाची तरी केबल टाकायची होती म्हणून तो एका सकाळी गल्लीत शिरला. आमच्याकडं जेसीबी खोदताना बघायला माणसं जमतात, मॅच सोडून जमतात, आणि हे फुटबॉलच्या गावाबद्दल सांगतोय. कठड्याच्या अंगानं त्यानं पहिला घास घेतला आणि आतून अण्णांच्या घराचा इतिहास बाहेर आला. वीतभर माती, तिच्याखाली गिलाव्याचे पापुद्रे, विटांचे तुकडे, घट्ट झालेलं अर्धं सिमेंटचं पोतं, फुटकी कौलं, चुन्याची ढेकळं आणि एक गंजलेली थापी. घर बांधलं तेव्हाचा राडारोडा गवंड्यानं इथंच गाडून वर दोन घमेली माती पसरली होती. दोन वर्षांमागं कठड्याला नवा गिलावा झाला, त्याचंही धुवण तिथंच जिरलं. जास्वंद चुन्यात उभी होती.

आणि लोह? लोह आमच्याकडं काय कमी? सगळा काळा दगड लोहानं भरलेला. पण मातीचा सामू सातच्या बराच वर चढला, चुना वाढला, की तेच लोह मुळांना उचलता येत नाही. त्यात यंदाचा पाऊस आणि अण्णांचं पाणी. चुन्याच्या जमिनीत पाणी तुंबलं की ही उपासमार वाढतेच. म्हणून जाऊबाईंचं लिंबू. आंबट ते चुन्याला उतारा. हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, अर्धा टक्का फवारतात त्यातही थोडं लिंबाचं सत्त्व घालतात ते याच जातीच्या कारणानं. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी मॅग्नेशियम म्हणालो होतो, तेही धातूच आहे."

कुणीही कबूल झालं नाही. मामा म्हणाले, राडारोड्यातच मावा लपतो. सुभेदारांनी गवंड्याला शिस्त नाही म्हणून सांगितलं. पिशवीवाल्या बाईंनी सुस्कारा टाकला, "तरीच त्या टोकाची फुलं बारीक झाली."

अण्णांना धीर द्यायला मी त्यांना ह्यूमसाहेबांची गोष्ट सांगितली. 1885 साली काँग्रेस उभी करण्यात पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम त्याच्या आधी कुंपण सांभाळत होते. मिठाची चोरटी वाहतूक अडवायला इंग्रजांनी पंजाबापासून खाली बऱ्हाणपुरापर्यंत जकातीची काटेरी हद्द घातली होती. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर, जे जिथं जगेल ते. 1867 ते 1870 या काळात हे खातं ह्यूम यांच्याकडं होतं आणि वाळक्या काट्यांच्या जागी जिवंत कुंपण धरवण्याचा त्यांनी ध्यासच घेतला. तिथंही वाळवी लागे, उंदीर मुळं कुरतडत, आगी लागत, टोळ येत, अमरवेलीसारख्या बांडगुळी वेली चढत. साहेबानं काय केलं असेल? पाणी तुंबे तिथं भराव घातला, कोरडं असे तिथं चर खणून पाणी आणलं, माती वाईट होती तिथं चरात दुसरीकडची चांगली माती आणून भरली. इतकं करून 1879 मध्ये सरकारनं ती हद्दच मोडीत काढली आणि आज ते कुंपण शोधायला जावं तर जमिनीवर जवळजवळ काही सापडत नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "माती आणून भरली म्हणतोस?" एवढंच त्यांनी धरलं. "आणि मिठाचं काय झालं?"

"मीठ लोक चोरून नेतच होते."

"हं," अण्णा म्हणाले आणि खिडकीतून कुंपणाकडं बघितलं.

माती ठरली. राडारोडा उपसायला दोन गडी लावले. काकूंनी मशीनचा पाइप परस्पर नारळाकडं वळवला. अण्णांना हे अजून माहीत नाही, कृपया सांगू नये. हिराकस आणून ठेवला. एक ट्रॉली माती आणि अर्धी ट्रॉली शेणखत हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावातून यायचं होतं. ते दुपारी आलं. ट्रॅक्टरवाला तरणा पोरगा, टोपी उलटी घातलेली, गाण्याचा आवाज इंजिनाच्या वर. त्यानं ट्रॉली मागं घेता घेता मान वळवून कुंपण बघितलं, गाणं बंद केलं, ट्रॅक्टर बंद केला आणि खाली न उतरता म्हणाला,

"काका, माती कशाला वाया घालवतायसा? तांबेरा हाय ह्यो."

अण्णा फाटकाशी उभे होते. गेल्या चार महिन्यांत त्यांना जास्वंदीबद्दल फारसं काही कळलं नव्हतं, माणसांबद्दल मात्र बरंच कळलं होतं.

"सोयाबीन किती हाय रं तुझं?" त्यांनी विचारलं.

"दीड एकर," पोरगा म्हणाला. "यंदा सगळं तांबेऱ्यानं नेलं. तुमास्नी कुणी सांगितलं?"